सदुसष्ट पूर्णांक चार मिलिमीटर

वटवाघूळ तिला चावलं तेव्हा मी आकडा वाचत होते. चावलेलं मला दिसलं होतं. तरी मी आकडा पुरा वाचला, आणि वाचून होईपर्यंत तिला म्हणाले, "सोडू नकोस." पुढचे जे कित्येक महिने मी घाबरून काढले त्यांची सुरुवात या दोन शब्दांत आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकलेले बरे.

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर मी कर्जतला घरी बसले होते. तेव्हा एका संस्थेने बोलावलं. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या कोरड्या पानगळी रानांत कोणकोणती वटवाघळं आहेत ते ओळखून नोंदवायचं, असं काम होतं. काम मला आवडण्यासारखं होतं. फाल्गुनात ओढे आटतात, साग-ऐनाचं रान उघडं पडतं आणि वरच्या अंगाला एखादाच डोह शिल्लक राहतो. दिवस मावळला की रानातली वटवाघळं त्या डोहावर पाणी प्यायला उतरतात. तिथे दोन बांबूंवर केसासारख्या बारीक धाग्याची जाळी ताणून ठेवायची. अडकलेलं वटवाघूळ हलक्या हाताने सोडवून कापडी पिशवीत घालायचं, वजन करायचं, पंखाचं पुढचं हाड कॅलिपरने मोजायचं, नाक, कान, दात बघायचे, नाव ठरवायचं आणि सोडून द्यायचं. त्या हाडाची लांबी फार महत्त्वाची असते. दोन मिलिमीटरच्या फरकाने वटवाघळाची जात बदलते. माणसांच्यात इतकंही लागत नाही.

प्रकल्पाचं उद्घाटन कळंबच्या एका रिसॉर्टच्या हॉलमध्ये झालं. समई होती, फेटे होते, छातीवर वटवाघळाचं भरतकाम केलेली जाकिटं होती. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले आणि भाषणात वटवाघळाला तीनदा पक्षी म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा प्रकल्पप्रमुखांनी सर्वांच्या आधी टाळी वाजवली. नंतर आम्हा पाच शहरी सभासदांना रेबीजची प्रतिबंधक लस टोचण्यात आली. वटवाघळं हाताळणाऱ्यांनी ती घ्यायचीच असते. प्रत्येक दंडाचा फोटो काढला. वाड्यांवरून जे लोक आमच्याबरोबर रानात येणार होते त्यांची नावं 'स्थानिक सहकार्य' या मथळ्याखाली होती. त्यांच्या लशीचं काय, असं कुणीतरी विचारलं. ते दुसऱ्या टप्प्यात घेऊ, असं प्रमुख म्हणाले. विचारणारी मी नव्हते. मी मान डोलावणाऱ्यांत होते.

माझ्याबरोबर येणारी बाई कशेळ्याच्या वर, डोंगराला टेकलेल्या एका ठाकरवाडीतली. मी तिला मावशी म्हणे. ती माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान होती, पण शहरातून आलेली माणसं वाडीवरच्या प्रत्येक बाईला मावशी म्हणतात. त्यात आदर किती आणि नाव लक्षात ठेवण्याचा कंटाळा किती, हे मी कधी तपासलं नाही. ती मला बाय म्हणायची. तिच्यासारखा हात आमच्यात कुणाचाच नव्हता. जाळीत गुरफटलेलं वटवाघूळ सोडवायला मला दहा मिनिटं लागत आणि ते माझ्यावर दात काढी. ती दोन बोटांनी धागा उलगडत जायची, तोंडाने काहीतरी पुटपुटायची, आणि ते गप्प राहायचं. काय म्हणतेस त्याला, असं मी एकदा विचारलं. शिव्या देते, म्हणाली.

त्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास जाळीत मोठं धूड अडकलं. कान सशासारखे, मुळाशी एकमेकांना जोडलेले. नाकावर उभं पान, शेपटी नाही. बेडूक, उंदीर, इतर लहान वटवाघळंसुद्धा खाणारी ही जात. त्या डोहावर तिची नोंद नव्हती. मला आनंद झाला. या वयात आनंद झाला की सावध व्हायला हवं, पण ते नंतर सुचतं.

आमचा नियम साधा होता. धरणाऱ्याने दोन्ही हातांत चामडी मोजे घालायचे, मोजणाऱ्याने वटवाघळाला धरायचं नाही. तिने धरलं होतं, मी मोजत होते. जाड मोज्याच्या बोटांनी पंख नीट ताणला जात नव्हता. हाड किंचित वाकडं राही आणि आकडा दर वेळी वेगळा येई. पासष्ट, अडुसष्ट, सहासष्ट. वाचायचा चष्मा सॅकमध्ये राहिलेला, तो काढायला उठायचं मला जिवावर आलं. मी तिला म्हटलं, उजव्या हातातला मोजा काढ आणि पंख बोटांनी धर. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मोजा दाताने ओढून काढला. आमच्या कामात ही चूक सगळेच करतात. लहान वटवाघळं असली की मोजे काढून मोजतात, काही होत नाही, आणि मग ती सवय मोठ्यांनाही लागू होते.

ते मान वळवून तिच्या अंगठ्याच्या मुळाशी चावलं. तिच्या तोंडून श्वास ओढल्यासारखा आवाज आला, दुसरं काही नाही. कॅलिपर बसला होता, हाड सरळ होतं. मी म्हटलं, "सोडू नकोस." तिने सोडलं नाही. ते पुन्हा चावलं, त्याच जागी, आणि दात तसेच रुतवून राहिलं. सदुसष्ट पूर्णांक चार. मी आकडा मोठ्याने म्हटला, तेव्हा तिने हात उघडला. वटवाघूळ डोहावरून सरळ गेलं आणि रानात दिसेनासं झालं. मी वहीत सदुसष्ट पूर्णांक चार लिहिलं. लिहून मान वर केली तेव्हा ती अंगठा दाबून उभी होती आणि मनगटावरून काळं काहीतरी ओघळत होतं. बॅटरीच्या उजेडात ते लाल झालं.

मी दगडावर बसले. लस मला टोचली होती. चावलं तिला होतं. आणि जे चावलं त्याला धरून ठेवून तपासण्याची सोय आता उरली नव्हती.

पंधरा मिनिटं साबणाने, वाहत्या पाण्याखाली जखम धुवायची, हे मी वर्गात शिकवलेलं. वाहतं पाणी त्या रानात मैलभर नव्हतं. साबण सापडला. रिसॉर्टने दिलेल्या पिशवीत टोपी, बिल्ला आणि पेनाबरोबर एक वडीही होती, चंदनाच्या वासाची. बाटलीने डोहातलं पाणी ओतत मी तिचा अंगठा घड्याळ लावून धुतला. तीन मिनिटांनी ती हसायला लागली.

"लगीन हाय का माजं, एवढं घासतंस?"

मी गप्प राहा म्हटलं. ती गप्प राहिली नाही. उंदीर चावतो तसं आहे, हळद भरली की झालं, असं सांगत राहिली. शेवटची पाच मिनिटं बाटली तिनेच धरली.

खाली रस्त्यापर्यंत पाऊण तासाची वाट. तिथे आमची जीप उभी होती. दवाखान्यात चलायचं म्हटल्यावर ती आधी नाही म्हणाली. सून आठ महिन्यांची होती, घरी भात टाकायचा होता. शिवाय, ती म्हणाली, वाडीत कळलं तर लोक आपल्या घरचं पाणी पिणार नाहीत. करोनाच्या वर्षांत मोबाइलवर वटवाघळांबद्दल जे काही फिरलं ते तिच्या वाडीपर्यंत आमच्या आधी पोचलं होतं. मी शपथ घातली, रागावले, शेवटी रडले. रडणं तिला पटलं असावं. ती जीपमध्ये बसली आणि मला पदर दिला, नाक पुसायला.

दवाखान्यातली डॉक्टर तिशीचीही नसेल. तिने नोंदवही उघडून विचारलं, कुत्रं की मांजर. मी वटवाघूळ म्हटल्यावर तिने पेन खाली ठेवलं. असा पेशंट तिच्याकडे कधी आला नव्हता, आणि तसं तिने सरळ सांगितलं. पांढरा कोट घातलेल्या माणसाने माहीत नाही म्हटलेलं मी फार कमी वेळा ऐकलंय. मला तिच्याबद्दल एकदम भरवसा वाटला. तिने आपल्या कुणा वरिष्ठांना फोन लावला, दहा मिनिटं ऐकून घेतलं, मग समजावलं. कुत्रं असतं तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवली असती. वटवाघूळ गेलं. आपल्याकडच्या वटवाघळांत हा रोग आहे का, याबद्दल ठाम कुणी सांगत नाही, म्हणून आहे असं धरून चालायचं. लस आत्ता. नंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल आहे, तेव्हा जखमेतच टोचायचं औषधही लागेल. ते तिच्याकडे नव्हतं. कुठे मिळेल हे तिनेच फोन करून शोधलं. खालापूरच्या बाजूला एका दवाखान्यात, सकाळी.

ती रात्र मी पुस्तकं उघडून बसले. शिकलेल्या माणसाने भीती वाटत असताना पुस्तक उघडू नये. रोग दिसायला लागल्यावर त्याला औषध नाही, हे मला ठाऊक होतंच. तो दिसायला कधी आठवडे लागतात, कधी महिने, क्वचित वर्षाहूनही जास्त, हेही ठाऊक होतं. वर्गात हे सांगताना मुलं पुढे सरसावून ऐकायची आणि मला बरं वाटायचं.

सकाळी खालापूरच्या त्या दवाखान्यात आम्ही बाकावर थांबलो होतो. औषध यायला तासभर होता. तिला कल्पना नसावी असं धरून मी तिला रोग समजावायला घेतला. सोप्या भाषेत, भीती वाटणार नाही अशा बेताने. विषाणू नसांतून कसा वर जातो, म्हणून लवकर टोचणं कसं गरजेचं, कुठलीही सुई चुकवायची नाही वगैरे. मी बोलते तेव्हा छान बोलते. तिने मला मध्ये तोडलं नाही. माझं संपल्यावर ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली,

"मला ठाव हाय गं. माजा भाऊस गेला त्यानी. पिसाळलेला कुत्रा चावलेला. बाजंला बांदला व्हता त्याला. तांब्या दावला तरी वराडायचा."

मी तिच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"मी धाकली व्हती. मीच पाणी घेऊन गेलते," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "काल डोहाव तू पाणी वतत व्हतीस ना, मी बगत व्हते, मला भ्या वाटतंय का पाण्याचा. नाय वाटला. म्हून हसले."

एका संध्याकाळीत रोग दिसत नसतो, हे मला माहीत होतं, आणि ते सांगून तिला दिलासा देता आला असता. मी तो दिला नाही. मी तिला अडाणी समजून धडा दिला होता, आणि तो रोग तिने आपल्या घरात, बाजेवर पाहिला होता. माझ्या बाजूला फक्त पुस्तकं होती.

औषध जखमेच्या भोवती, जखमेत, अंगठ्याच्या त्या इवल्याशा जागेत टोचतात. त्या अंगठ्याला तेवढी जागाच नव्हती. ती ओरडली नाही. दुसऱ्या हाताने तिने माझं मनगट धरलं होतं, तिथे चार दिवस वळ राहिले. मला ते वळ जावेत असं वाटत नव्हतं. थोडंसं तरी आपल्या अंगावर, एवढाच त्यात हिशेब असावा.

दोन दिवसांनी प्रमुखांचा फोन आला. आधी नोंदीबद्दल अभिनंदन, नवी जागा, फोटो आहे का. मग आवाज खाली आणून त्यांनी सुचवलं, की शेऱ्यात 'किरकोळ ओरखडा' असं लिहिलं तर बरं, उगाच वनखात्याच्या परवानगीचा प्रश्न निघतो. मी त्यांना म्हटलं, मी लिहून टाकलंय. खरं म्हणजे लिहिलं नव्हतं. फोन ठेवला आणि लिहिलं. हाताळणाऱ्या स्त्रीला लस दिलेली नव्हती, मोजा माझ्या सांगण्यावरून काढला, पहिला चावा बसल्यावर वटवाघूळ न सोडण्याची सूचना मी केली, दुसरा चावा त्यामुळे बसला. शेऱ्याच्या रकान्यात मावेना, म्हणून मागच्या पानावर गेलं. छापील अहवालात ते आलं नाही. तो अहवाल फार गुळगुळीत कागदावर आहे. पण आठवड्याच्या आत 'स्थानिक सहकार्या'तल्या सगळ्यांना लस टोचण्यात आली. दंडांचे फोटो निघाले.

तिसऱ्या दिवशी दुसरी सुई झाली. तेव्हा मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, अंगठ्याला मुंग्या येतात का. येतात, म्हणाली. कोपरापर्यंत. रोगाची पहिली खूण नेमकी हीच असते. औषधाच्या सुजेनेही तसंच होतं, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. तरी मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी मुंग्या थांबल्या. तेव्हा मला थांबल्याचीही भीती वाटली, कारण पुस्तकात थांबण्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी चौथी सुई घेऊन आम्ही दवाखान्याबाहेर आलो. रस्त्याकडेला तिने एक कलिंगड घेतलं आणि सुनेसाठी नेलं. सून बाळंत झाली होती, मुलगी. डॉक्टर म्हणाली होती, आता काळजी करू नका. ही सूचना मी पाळू शकले नाही. तिने आमचं काम सोडलं. कळंबकडच्या एका फार्महाउसवर झाडांना पाणी घालायला ती जाऊ लागली. मी दर रविवारी तिच्या मुलाच्या फोनवर फोन करायचे. मोहाची फुलं संपली का, नातीचं बारसं कधी, असं काहीबाही. काही आठवड्यांतच माझा आवाज ऐकला की ती नमस्कार-चमत्काराच्या आधीच सांगून टाकायची, "पितंय गं, पितंय पाणी." आम्ही दोघी हसायचो. मला वाटायचं, हे आमचं बरं चाललंय.

मग दिवाळीनंतरच्या एका रविवारी फोन लागला नाही. सोमवारी बंद, मंगळवारी बंद. बुधवारी सकाळी मी कशेळ्याची जीप धरली, वडापची, मागे चौदा माणसं. वाडीची चढण मी एरवी तीनदा बसत चढते, त्या दिवशी एकदाही बसले नाही. वाटेत उतरणारा एक म्हातारा दिसला. त्याला विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. वाडीच्या तोंडाशी आले तेव्हा तिच्या अंगणात पाच-सहा बायका बसलेल्या दिसल्या. माणसं बसतात तशी, गोल करून. तिथून पुढची पन्नास पावलं मी कशी चालले ते मला आठवत नाही.

वाल सोलत होत्या. ती मध्ये होती.

मुलाचा फोन पाण्यात पडला होता, एवढंच. मी धापा टाकत काहीतरी सांगितलं, इकडे आले होते, म्हटलं बघून जावं. ती उठली, मला घराच्या मागे नेलं, आणि तिथे पहिल्यांदा माझ्यावर रागावली. आवाज न चढवता.

"बाय, तू दर आयतवारी मला मारतंस. मी कामाव जातंय, पोरीला खेळवतंय, इसरतंय. आयतवार आला का तुजा फोन येतो, मंग मी तांब्या घेऊन बसतंय, गिळतंय का नाय बगत. माजा भाऊस दिसतो मला."

मी म्हटलं, मला भीती वाटते.

"तुजी भ्या तू ठेव," ती म्हणाली. "माजी माज्याकडं हाय तेवढी. काय झाला तं पोरगा फोन करल तुला. तवर गप बस."

वाल दिले नाहीत, चहा दिला. मी उतरताना तिने मला हात केला नाही. मी वळून पाहिलं तेव्हा ती पुन्हा त्या गोलात जाऊन बसली होती.

तेव्हापासून मी गप्प आहे. सात महिने माझी भीती तिच्या जिवाची काळजी म्हणून मिरवत होती. त्यातली बरीचशी, आपल्या हातून माणूस मेलं असं ठरू नये याची होती, हे मला त्या घराच्या मागे कळलं. कळल्याने ती कमी झाली नाही. फक्त आता ती माझ्याच घरात राहते. रविवारी मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवते.

गेल्या महिन्यात दुपारी तिच्या मुलाचं नाव फोनवर उमटलं. फोन वाजत राहिला आणि मी उभी राहिले. शेवटच्या क्षणी उचलला. त्याने बऱ्या आहात ना म्हणून विचारलं, मग आढेवेढे घेत म्हणाला, मुलीच्या जन्मदाखल्यात नाव चुकलंय, कर्जतला तहसील ऑफिसात की पंचायतीत जायचं, तुमची कुणाशी ओळख आहे का. जन्मदाखल्यातली चूक ऐकून एवढं हायसं वाटलेली मी त्या तालुक्यातली पहिली बाई असेन. मी त्याला सगळं सांगितलं, कुठली कागदपत्रं, किती प्रती, कुणाला भेटायचं. दोनदा सांगितलं. आई कशी आहे, हे विचारलं नाही, आणि त्यानेही काही सांगितलं नाही. पण मागून कुणीतरी कोंबड्यांना हाकलत होतं, खणखणीत शिव्या देत, आणि तो बोलायचं संपवेपर्यंत मी ते ऐकत उभी राहिले.